शेपटाच्या मागे राहिलेला माणूस

हो, त्याच विमावाल्याचं सांगतेय, दुसऱ्या कुणाचं? तू लिहीत जा, आणि उगाच गोड करू नकोस. मी रागात बोलतेय तर रागातच उतरू दे. पण आधी धाकटीचं सांगायला हवं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, ही म्हातारी एका सायकलीवरून एवढी का पेटलीय.

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला आहे. तळघरातली जागा ती. खिडकी म्हणायची तर छताला लागून एक जाळी, तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांचे नुसते पाय दिसतात. आत वाफ, साबणाचा वास आणि यंत्रांची अशी घरघर, की शेजारच्या बाईशी बोलायचं तर तिच्या कानात ओरडावं लागतं. म्हणून धाकटीचा आवाज तो तसा. घरात तिने मीठ मागितलं तरी वरच्या मजल्यावरचे लोक दार उघडून बघतात. तिचं काम चादरींच्या घड्या घालायचं. दोघी जणी दोन टोकं धरतात, झटकतात, एकमेकींकडे चालत येतात, टोकं जुळवतात, परत मागे जातात. समोरची हळू चालणारी असली की आपणही हळू चालायचं, नाहीतर चादर जमिनीवर आणि परत पहिल्यापासून धुणं. पायांना ती सवयच लागून गेली.

भावजी, म्हणजे तिचा नवरा, एका कचेरीत लिफ्ट चालवायचे. जन्मभर डब्यात उभे राहून वरखाली केलं आणि पोचलो कुठेच नाही, असं तेच सांगतात आणि तेच हसतात. आता घरी बसून असतात. धाकटी सायकल काढायला लागली की विचारतात, "वर जायचंय की खाली?" तिने त्याला उत्तर दिल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

आता तो रविवारचा सायकलवाल्यांचा गट. तो काढला चित्रकलेच्या बाईंनी. शाळेतून निवृत्त झाल्या तेव्हा त्यांना घर खायला उठलं, म्हणून चार ओळखीच्यांना घेऊन रविवारी सकाळी सायकलवर फिरायला निघाल्या. शर्यत नाही, घाम काढायचा नाही, कुणाच्या पुढे जायचं नाही. कालव्याच्या कडेने जायचं, गप्पा मारायच्या, शेवटी पुलापलीकडच्या बेकरीत बाकड्यावर बसून गरम पाव आणि चहा, मग आपापल्या घरी. हळूहळू माणसं वाढली. पोस्टमन आला, औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहते ती पोरगी आली, आमची धाकटी आली, आणखी कोण कोण आले. एवढ्या माणसांना एकत्र ठेवायचं कसं? बाईंनी त्याची पद्धत बसवली. ती नीट लिही हं, सगळं पुढचं रामायण तिच्यावरूनच आहे.

सगळ्यांच्या पुढे बाई. वळण आलं की त्यांच्या लगेच मागे जो असेल त्याने त्या कोपऱ्यावर उतरून उभं राहायचं आणि येणाऱ्यांना हाताने वाट दाखवायची. सगळ्यांच्या शेवटी एक माणूस, त्याच्या अंगात चमकणारं पिवळं जाकीट. त्याला म्हणायचं शेपूट. शेपटाने कुणालाही ओलांडायचं नाही, मग पुढचा चालत का जाईना. आणि शेपूट दिसलं की कोपऱ्यावरच्याने समजायचं, सगळे आले, आता आपणही सायकलवर बसायचं. ज्या वळणावर कुणीच उभं नसेल तिथे वळायचं नाही, सरळ जायचं. झालं. एवढं लहान मुलालाही कळेल.

ते जाकीट बाईंनी धाकटीला दिलं. पहिल्याच दिवशी त्यांनी पाहिलं, की ही बाई रस्त्याने जाताना प्रत्येक बाल्कनीपाशी पाय टेकते. वाळत घातलेले कपडे बघते आणि कुणाचा साबण नीट निघाला नाही ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगते. आठवडाभर लोकांचे पाय बघणारी बाई ती, रविवारी तिला अख्खी माणसं बघायला मिळायची. तिला कसली घाई?

आणि तिच्या पुढे, म्हणजे शेवटून दुसरा, कायम घड्याळजी. बाजारात जिन्याखाली त्याचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे, एक खुर्ची आणि एक काच एवढंच. बायको गेल्यापासून माणूस दुकान आणि घर, घर आणि दुकान. उजवा गुडघा वाकत नाही, त्यामुळे डाव्या पायाने दाबायचं आणि उजवा नुसता फिरू द्यायचा. सायकल चालते, पण अशी, की शेजारून कुत्रं चालत पुढे जातं. आठवडाभर दाढी न करणारा तो माणूस रविवारी दाढी करून यायचा. एरवी गिऱ्हाइकाशीही मोजकं बोलायचा, पण शेवटी धाकटीसमोर सायकल चालवताना मान मागे वळवून वळवून बोलायचा. बायकोच्या गोष्टी सांगायचा. त्याच त्याच. धाकटी दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी "मग काय म्हणाल्या त्या?" विचारायची. बस, एवढं सुख होतं त्याचं.

मग बाई मुलाकडे परगावी राहायला गेल्या आणि पुढची जागा विमावाल्याने घेतली. कुणी दिली नाही, त्याने घेतली. चाळिशीचा गडी, अंगाला चिकटलेले कपडे, डोळ्यांवर काळा चष्मा, सायकल अशी हलकी की एका बोटाने उचलून दाखवायचा. सायकलच्या हँडलला मोबाइल बांधलेला. तो मोबाइल त्याला सरासरी वेग सांगायचा, आणि तो वेग बघून ह्याचा जीव खालीवर व्हायचा. दुसऱ्या गटांच्या कप्तानांना आपला आकडा दाखवायची लाज वाटते म्हणाला. अरे, फिरायला निघालेल्या माणसाला आकडा कसला? पण बोलायचं कोणी? माणूस गोड बोलणारा, सगळ्यांना मावशी, काका, ताई. आधी त्याने वाटेतलं थांबणं बंद केलं. मग बेकरीतलं बसणं आटोपतं घेतलं. आणि मग एका रविवारी धाकटीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, मावशी, किती वर्षं तुम्ही मागे राहणार, आता जरा पुढे या, मजा करा.

जाकीट तिच्या अंगातून उतरलं आणि त्याच्या मेव्हण्याच्या अंगात गेलं. मेव्हण्याची सायकल नवी कोरी होती, आणि फोटोत जाकीट उठून दिसतं म्हणे. धाकटीला वाईट वाटलं, पण उगाच कशाला वाद, म्हणून तिने सायकल पुढे घेतली.

त्या दिवशी ती पुढच्या घोळक्यात होती. मागे मेव्हणा आणि त्याच्या पुढे घड्याळजी. मेव्हण्याने थोडा वेळ कळ काढली, मग कंटाळला. "काका, तुम्ही या सावकाश," असं म्हणाला आणि गेला की ओलांडून. शेपूट पुढे आणि माणूस मागे, असं कधी ऐकलंयस का तू?

पाण्याच्या टाकीच्या वळणावर औषधाच्या दुकानातली पोरगी उभी होती. तिला पिवळं जाकीट आलेलं दिसलं. तिने मागे पाहिलंसुद्धा नाही, आणि का पाहावं? शेपटाच्या मागे कोण बघतं? सायकलवर बसली आणि गेली. तिथून थोड्या वेळाने घड्याळजी टाकीपाशी पोचला. कोपऱ्यावर कुणी नाही. त्याला पद्धत पाठ. कुणी नाही म्हणजे सरळ. तो सरळ गेला. आणि टाकीवरून सरळ जाणारा रस्ता दगडाच्या खाणीकडे जातो. तिथे ट्रकशिवाय दुसरं काही जात नाही.

इकडे बेकरीसमोर फोटो काढायची धांदल. धाकटीने सायकल लावली, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, घड्याळजी कुठे आहेत? विमावाला पाव खात होता. खाता खाताच म्हणाला, "मावशी, शेपूट आलंय ना? मग सगळे आले." मेव्हणा म्हणाला, मागेच होते, येतील. घड्याळजीचा फोन दुकानात खुंटीला असतो, हे सगळ्यांना माहीत. तरी कुणी हातातला पाव खाली ठेवला नाही. ती पोरगी मात्र पांढरीफटक पडली, कारण तिला तेव्हाच उमगलं आपण काय करून बसलो.

धाकटी आली तशी उलटी फिरली. तिचं ते खडखडणारं मडगार्ड, ती पुढची टोपली, ते सगळं घेऊन जेवढं दामटता येईल तेवढं दामटलं. टाकीपर्यंत तो दिसला नाही, तेव्हा तो सरळ गेला असणार हे तिने ओळखलं. खाणीच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना धूळ, आणि ट्रक असे जातात की सायकल आपोआप कडेला सरकते.

तो एका दगडावर बसला होता. पांढरा झालेला, केसापासून बुटापर्यंत. ट्रकने कट मारला म्हणून चरात गेला होता. सायकलचं हँडल वाकडं झालेलं, तळहाताचं सालटं निघालेलं. धाकटीला बघून उठायला लागला, गुडघ्याने उठू दिलं नाही.

"ताई," तो म्हणाला, "कोपऱ्यावर कुणी नव्हतं. म्हणून सरळ आलो. मग वाटलं, माझंच काही चुकलं. आज रविवारच नाही की काय."

आणि वर म्हणाला, माझ्यामुळे तुमचा फोटो राहिला, माफ करा. माफी कोण मागतंय बघ. मला हे तिने सांगितलं तेव्हा माझ्या हातातलं पातेलं मी असं आपटलं, की त्याला पोचा आला. तो अजून आहे, बघून ये जा.

तिने बाटलीतल्या पाण्याने त्याचा हात धुतला, रुमाल बांधला, आणि दोघं सायकली हातात धरून चालत बेकरीपर्यंत आले. तिथे बेकरीवाला झाडू मारत होता. बाकी सगळे घरी गेलेले. एक पोस्टमन तेवढा थांबला होता, पण तोही एकटा काय करणार म्हणून पायरीवर बसून.

संध्याकाळी फोनवर विमावाल्याचा निरोप आला. भावजींनी मोठ्याने वाचला. आजची राइड यशस्वी झाल्याबद्दल सर्वांचं अभिनंदन. आणि खाली, सर्वांच्या सुरक्षेसाठी, ठरलेला वेग ज्यांना झेपत नाही त्यांनी पुढच्या रविवारपासून येऊ नये. सोबत फोटो. त्याखाली लोकांचे अंगठे, वर केलेले, एकाखाली एक. म्हणजे माणसाला टाकून यायचं यांनी, आणि सुरक्षेसाठी घरी बसायचं त्याने! भावजींनासुद्धा विनोद सुचला नाही. त्यांनी फोन उपडा ठेवला.  

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ती थेट त्याच्या कचेरीत गेली. काचेची खोली, थंडगार हवा. भिंतीवर मोठं चित्र, त्यात एक म्हातारा आणि म्हातारी हसतायत आणि खाली लिहिलंय, आम्ही सदैव तुमच्या पाठीशी. धाकटीला जेमतेम अक्षरं जोडून वाचता येतं, पण तेवढं तिने वाचलं.

त्याने बसायला सांगितलं. ती उभीच राहिली. घड्याळजींना भेटून आलात का, असं विचारलं. तो म्हणाला, वेळ कुठे मिळाला. आणि मग समजुतीच्या सुरात सांगायला लागला, की काकांनी आपली ताकद ओळखायला हवी, उद्या काही बरंवाईट झालं तर जबाबदारी कोणाची, नियम सगळ्यांना सारखा.

"नियम एकच होता," धाकटी म्हणाली. "शेपटाने कुणाला ओलांडायचं नाही. तो तुमच्या मेव्हण्याने मोडला, आणि घरी तुम्ही बसवताय घड्याळजींना."

"मावशी, तो काय त्यांच्या मागे रांगत जाणार होता?"

"मी जात होते की."

काचेपलीकडची माणसं माना वर करून बघायला लागली. मघाशी म्हटलं ना, तिचा आवाज. त्याने हळूच उठून दार लावलं आणि म्हणाला, मावशी, तुम्ही हे मनाला फार लावून घेताय. एवढंच. त्या माणसाच्या हाताचं सालटं निघालंय, आणि मनाला लावून घेते ही. मला तळपायापासून आग लागते हे सांगताना. चुकलं म्हणायला काय जीभ झिजते? मेव्हणा तरुण आहे, त्याचं चुकलं, मी त्याला घेऊन येतो काकांकडे, असं म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती आणि मीही आज भाजी निवडत बसले असते.

तिथून ती घड्याळजीच्या दुकानात गेली. औषधाची पोरगी आधीच येऊन गेली होती. मलमाची नळी आणि पट्टी घेऊन आली, आणि बोलता बोलता रडली. तिला घड्याळजीनेच समजावून परत पाठवलं. बघ, ही कालची पोर, हिला कळलं कुठे जायचं ते. घड्याळजीच्या हाताला तिचीच पट्टी होती. तो धाकटीला म्हणाला, आता नाही येत मी, सायकल विकून टाकतो, ह्या वयात लोकांना त्रास कशाला. मान खाली घालून कुणाचं तरी घड्याळ उघडत बसला. धाकटीने खूप सांगून पाहिलं. तो हो म्हणाला नाही. निघताना ती एवढंच म्हणाली, "काका, मी रविवारी पहिल्या कोपऱ्यावर असेन. तुम्ही जाईपर्यंत असेन."

त्या आठवड्यात ती नेहमी कोपऱ्यावर उतरणाऱ्या माणसांना भेटली. पोस्टमनला भेटली, पोरीला भेटली, आणखी दोघाचौघांना. कुणाला भांड म्हणाली नाही, कुणाला विमावाल्याविरुद्ध भडकवलं नाही. शेवटचा कोण ते तुम्हाला माहीत आहे, तो गेल्याशिवाय कोपरा सोडू नका, एवढंच. कुणी हो म्हणालं, कुणी नुसती मान हलवली. ज्यांनी अंगठे वर केले होते त्यातलेही दोघं त्यात होते.

रविवार आला. घड्याळजी निघायच्या जागी नव्हता. विमावाला खुशीत होता. पहिल्याच वळणाला त्याने धाकटीला उतरवलं, ब्याद गेली म्हणून असेल. सगळे गेले. शेवटी जाकीट आलं, आत मेव्हणा. "चला मावशी, मी आलो," म्हणाला.

"तुम्ही व्हा पुढे. शेपूट अजून यायचंय."

तो हसला आणि गेला. टाकीपाशी पोरीने त्याला तेच सांगितलं. कालव्याच्या वळणावर पोस्टमनने तेच. वळण आलं की एक माणूस उतरत होता आणि परत कुणीच सायकलवर बसत नव्हतं. विमावाला पुढे सुसाट, मागे वळून बघायची सवय नाही. बेकरीपाशी जाऊन थांबला आणि मागे पाहिलं तर मेव्हणा आणि दोन नवे गडी. त्या दिवशी सरासरी चांगली आली असेल त्याची.

इकडे धाकटी उभी. ऊन वर यायला लागलं. पायात गोळे आले. लोक विचारून जात होते, सायकल बिघडलीय का. तिच्या मनात काय काय आलं. तो नाहीच आला तर? एवढ्या माणसांना मी आपापल्या कोपऱ्यावर ताटकळत ठेवलंय, आणि तो घरी खाटेवर पडून असेल तर? मग काय तोंड दाखवायचं? पण निघून जावं असं तिला वाटलं नाही. काकांना सांगितलं होतं ना, जाईपर्यंत असेन. मग असायला नको?

तो आला. दाढी केलेली, हनुवटीला कापलेलं, हाताला पट्टी. डावा पाय दाबत, उजवा फिरू देत. थांबला नाही, कारण एकदा थांबला की परत चढायला त्रास होतो.

"ताई, इथून डावीकडे ना?"

"डावीकडे."

आणि ती त्याच्या मागे लागली. टाकीपाशी पोरगी सायकलवर बसली, त्यांच्या पुढे झाली. मग पोस्टमन. मग बाकीचे. एकेक कोपरा सुटत गेला आणि घोळका भरत गेला, आणि सगळे त्याच्या चालीने चालले. बेकरीत पोचले तेव्हा पाव गार झाले होते. तरी खाल्ले.

विमावाला काय म्हणाला असेल? तुम्ही सगळ्यांनी मिळून राइडची वाट लावलीत, असं म्हणाला. तिथेच उभ्या उभ्या धाकटीला फोनवरच्या गटातून काढून टाकलं. घड्याळजी समोर बसला होता, हाताची पट्टी टेबलावर ठेवून. त्याच्याकडे नजरसुद्धा टाकली नाही. मेव्हण्याने मात्र जाकीट काढलं, घडी न घालता बाकड्यावर टाकलं. धाकटीने ते उचललं आणि आधी धुवायला घरी आणलं, कारण घामाचा वास येत होता.

आता ते सगळे रविवारी जातात. फोनवर गट बिट नाही. यायचं त्याने यायचं. विमावाला दुसऱ्या गटात गेला. आणि तिथे सांगत फिरतो, की म्हाताऱ्यांनी माझा गट बळकावला. ऐकलंस? म्हणून मी हे लिहायला सांगतेय. त्याने राग धरला त्याचं मला काही नाही. पण रोज बाजारातून जाताना तो त्या जिन्याखालच्या दुकानावरून जातो, आणि मान दुसरीकडे वळवतो. घड्याळजी मात्र काच डोळ्याला लावलेली असली तरी ओळखतो त्याला, आणि दर वेळी हात वर करतो. मला ते बघवत नाही.

तेव्हा हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी तो विमा काढा म्हणत आला, तर त्याला बसवा, पाणी द्या, आणि माझा एवढा निरोप पोचवा. म्हणावं, दुकान सकाळी उघडतं. आत एकच खुर्ची आहे, तिच्यावर घड्याळजी बसतो, म्हणून उभ्यानेच बोलावं लागेल. येताना मेव्हण्यालाही घेऊन यावं.